उजव्या गुडघ्याची पट्टी

"पट्टी धडक्या पायाला बांधायची, दुखऱ्याला नाही," आत्या एकदा म्हणाली होती, आणि मला ती थट्टाच वाटली.

तिच्या कॉलेजात मुली थोड्या. त्याच आठ-दहाजणी हॉकी खेळायच्या, बास्केटबॉल खेळायच्या, उंच उडी मारायच्या, भालाही फेकायच्या. पहिल्याच वर्षी बास्केटबॉलच्या सामन्यात उडी मारून खाली येताना तिच्या डाव्या गुडघ्याची वाटी बाजूला सरकली. तिनं भिंतीआड जाऊन, दातांत रुमाल धरून, ती तळहातानं जागेवर बसवली. पुढच्या हॉकीच्या सामन्यात तिनं उजव्या पायाला पट्टी बांधली. समोरच्या मुलींच्या हॉकीच्या काठ्या उजवीकडेच येऊ लागल्या. युक्ती फळली.

पण तिच्या खेळाच्या सरांनाही ती पट्टी खरी वाटली. जीव लावणारा माणूस. "उजव्याला जप गं, घोडे," म्हणाले, आणि उंच उडी डाव्या पायावरून मारायला लावली. खरं सांगितलं असतं तर चारी खेळांतून बाहेर पडली असती. तिनं सांगितलं नाही. तीन वर्षं ती त्याच पायावर उडत राहिली. जिना उतरताना कठडा सोडायची नाही. मागून कुणी हाक मारली तर आधी पाय रोवायची, मग वळायची. वाटी आत दबा धरून बसलीय, असं तिला वाटायचं. हे फक्त तिच्या वहिनीला, म्हणजे माझ्या आईला, ठाऊक होतं.

सर निवृत्त झाले की त्यांची नोकरी तिला मिळायची होती. राहिली होती तब्येतीच्या दाखल्यावर डॉक्टरांची सही. सर स्वतः आले. सोबतीला आई गेली.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. उजवा गुडघा वाकवला, दाबला. "याला काय धाड भरलीय? माझ्यापेक्षा बरा आहे."

सर हसले. "बघ, जपलं की बरं होतं."

"आता डावा."

"डावा राहू द्या हो. त्याच्यावर तर मी हिला तीन वर्षं उडवलंय."

आत्यानं टेबलाची कड धरली. डॉक्टरांनी अंगठा टेकवला आणि वाटी ओल्या साबणासारखी बाजूला गेली. आत्याचा तळहात आपोआप खाली गेला आणि वाटी जागेवर बसली.

तो सरावलेला हात सरांनी पाहिला.

"मला सांगायचंस ना गं," ते म्हणाले. "मी तर..."

डॉक्टरांनी सही न करताच पेनाला टोपण लावलं.

आत्या टेबलावरून उतरली, बूट हातात घेतले आणि बाहेर निघून गेली.