परसातलं ऊन

मामू गेले तेव्हा मी सांगलीत होतो. छापखान्यात नव्या पत्रकाचा मजकूर जुळवून झाला होता, ओल्या शाईच्या कागदावर वाकून मी चुका काढत होतो, आणि आमच्या कराडजवळच्या मलकापूरचा एक ओळखीचा ट्रकवाला दारात येऊन म्हणाला, "तुमच्या शेजारचे पिंजारी गेले. सकाळीच." एवढं सांगून तो ट्रकच्या घाईनं निघूनही गेला. मी त्या कागदावरच्या उरलेल्या चुका काढल्या. का काढल्या ते मला आजही सांगता येत नाही... एस.टी. मिळून घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली, दफन उरकलं होतं, आणि बाबालालमामूंच्या ओसरीवर माणसं खालमानेनं बसली होती.

मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे. मोठी अक्षरं, छोटी वाक्यं, खाली मागण्या. हळुवार लिहायची मला सवय नाही. शिवाय मेलेला प्रत्येक माणूस रविवारच्या पुरवणीत अचानक देवमाणूस होतो, याचा मला मनापासून संताप येतो. बाबालालमामू देवमाणूस नव्हते. ते दुसऱ्याच्या बिड्या ओढायचे, गिऱ्हाइकाला गादी उद्या देतो म्हणून आठ-आठ दिवस फिरवायचे, आणि मला चारचौघांत 'पुढारी' म्हणून हाक मारायचे. पण मी त्यांना एक शब्द दिला होता आणि तो पाळला नाही. आता सहा आठवडे झाले. थंडी पडली आहे, नदीवरून धुकं पार आमच्या दारापर्यंत येतं आहे, आणि हे लिहिल्याशिवाय मला दुसरं काही लिहिता येईना झालंय.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्या घराची मागची भिंत परसात आडवी झाली आणि कौलं तिच्या अंगावर. माणूस कुणी दगावलं नाही. वडील आधीच गेलेले, घरात मी आणि आई. आईला दमा. जमीन त्यानंतरही कितीतरी दिवस मधूनच थरथरायची, त्यामुळं ज्यांची घरं उभी होती तेसुद्धा बाहेरच झोपत होते. आमचं परस तर दगडमातीनं भरलेलं. मधे शेराचं कुंपण होतं आणि पलीकडं मामूंचं परस. उजाडल्यावर मामूंनी तोंडाला फडकं बांधलं, कारण शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळा जातो, आणि कोयत्यानं कुंपणात खाट जाईल एवढी वाट पाडली. आम्ही आईला खाटेसकट पलीकडं नेलं. त्यांच्याही घराच्या भिंतीला हात जाईल एवढी चीर गेली होती. जैनबमामी, म्हणजे त्यांची बायको, चूल परसात मांडून बसल्या होत्या, जणू ती कायम तिथंच होती.

त्या परसात पाहण्यासारखं काय होतं म्हणाल, तर एक आंबा, फुलावर आलेला शेवगा, पावट्याचा वेल चढवलेला मांडव, दोन पपया, अंघोळीच्या दगडापाशी गवती चहाचं ठोंब. पण मामूंना त्या जागेतलं ऊन पाठ होतं. कापूस पिंजायच्या आधी त्याला ऊन द्यावं लागतं, आणि चाळीस वर्षं तेच केल्यामुळं कोणत्या महिन्यात कुठल्या घटकेला ऊन कुठं असतं हे ते डोळे मिटून सांगत. सकाळी पहिलं ऊन पपईच्या बुडाशी, मग मांडवाच्या कडेला, दुपारी विहिरीच्या वाटेवर, आणि उतरताना मागल्या भिंतीला टेकून शेवटचं, पिवळं, सायीसारखं. ते आईला म्हणाले, "आक्का, आता तुमी सोताला कापूस समजा." आणि खरोखर दिवसभर ते खाट उचलून उन्हामागं फिरवू लागले. एक बाजू ते धरत, दुसरी मामी. आई वर बसूनच असायची, लग्नातल्या नवरीसारखी, आणि लाजून खोकायची.

त्या दिवसांत सगळ्यांना रजया हव्या होत्या. मामू आंब्याच्या सावलीत बसून कापूस पिंजत. त्यांच्या त्या मोठ्या धनुकलीच्या ताणलेल्या तातीवर लाकडी दस्ता बसला की ढँव, ढँव असा आवाज जमिनीतूनच आल्यासारखा यायचा. पहिल्या दिवशी तो ऐकून आळीतली माणसं उठून पळाली होती. तेव्हापासून मामू पिंजायला बसण्याआधी कुंपणापाशी उभे राहून मोठ्यानं सांगायचे, "मी हाय गड्यांनो, जमीन न्हाई." मग हसू, मग ढँव ढँव, आणि शेवग्याच्या फुलांवर, पावट्याच्या पानांवर, आईच्या केसांवर कापसाचे बारीक तंतू उतरायचे. उन्हात ते दिसायचे आणि सावलीत नाहीसे व्हायचे...

मी यातलं फार थोडं पाहिलं. मी पहाटेच सायकलवर बसून कराडला कचेऱ्यांच्या दारी जायचो. पत्र्याच्या शेडांची यादी होत होती आणि आमची आळी त्या यादीच्या तळाशी होती. आम्ही बौद्ध झालो त्याला अकरा वर्षं झाली होती, पण यादी करणाऱ्यांच्या डोक्यात आम्ही जिथं होतो तिथंच होतो. हे मी तेव्हाही लिहिलं, आजही लिहितो, आणि त्यातला एक शब्दही मागं घेत नाही. संध्याकाळी चिडून, धुळीनं माखून परत यावं, तर मामू आणि आई खारीबद्दल बोलत बसलेली. एक खार आईच्या रजईच्या उसवलेल्या कोपऱ्यातून कापूस ओढून नेत होती. मी म्हटलं, मामू, कोपरा शिवून टाका की. ते म्हणाले, तिचं बाळंतपण जवळ आलंय, तिलाबी शेड लागंल का न्हाई. आईला हे इतकं आवडलं की ती रोज स्वतःच्या हातानं थोडा कापूस कोपऱ्यातून बाहेर ओढून ठेवू लागली. मला त्यांचा राग यायचा. लोक उघड्यावर आहेत, सरकार झोपलंय, आणि माझी आई खारीचं डोहाळजेवण करते आहे.

त्याच रागात मी ते पत्रक लिहिलं. कराडात कुणी छापायला तयार होईना म्हणून सांगलीला जाऊन छापून आणलं. दुपार कलली होती, मामू भिंतीपाशी बसून रजईला टाके घालत होते. त्यांची अक्षरओळख नव्हती. म्हणाले, वाच की रं पुढारी, काय लिवलंस बघू. मी उभं राहून, सभेत वाचतात तसं वाचलं. त्यात एक वाक्य होतं, 'दम्यानं जर्जर झालेली एक वृद्धा आज उघड्यावर कुडकुडत शेवटचे श्वास मोजते आहे, आणि अधिकारी शेगडीपाशी बसले आहेत.'

सुई थांबली.

"ही बाई कोण रं?"

मी म्हटलं, आई.

त्यांनी आईकडं पाहिलं. ती भिंतीच्या उन्हात गाढ झोपली होती, अंगावर त्यांचीच रजई, उशाला गरम वीट गोणपाटात गुंडाळलेली. मग माझ्याकडं पाहिलं.

"माज्या परसात कुडकुडती व्हय?"

मी म्हटलं, असं लिहावं लागतं मामू, नाहीतर शेड मिळत नाही. त्यांनी हातातला टाका पुरा केला. दोरा दातानं तोडला. मग शांतपणे म्हणाले, "बरं. मग शेड मिळाल्यावर तरी दुसरा कागद काढ. म्हणावं, म्हातारी उबंत हुती." मी हो म्हटलं. एवढाच तो शब्द.

शेड मिळाली. पत्रकामुळं मिळाली असं मला तेव्हा वाटलं, आणि तो माझ्या आयुष्यातला पहिला विजय होता. गावाबाहेरच्या माळावर पत्र्याची रांग, त्यात आमची एक. आईला जायचं नव्हतं. मी नेलं. ज्या बाईसाठी भांडलो ती बाईच शेडमध्ये नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील... हा माझा विचार होता, तो जसा होता तसा लिहून टाकतो. माळावर झाड नव्हतं. दिवसा पत्रा तापायचा आणि पहाटे त्याच्या आतल्या बाजूला दंव धरून थेंब थेंब आईच्या रजईवर पडायचा. दुसऱ्या दिवशी तिची छाती भरली. तिसऱ्या दिवशी तिला बसूनच राहावं लागलं, आडवं होता येईना. ती म्हणाली, बाळा, मला मामूच्या परसात ने. मी म्हटलं, दोन दिवस थांब, पाहणीला साहेब यायचेत. माझी आई श्वासासाठी तोंड उघडून बसली होती आणि मी पाहणीची वाट बघत होतो.

चौथ्या दिवशी सकाळी मामू माळ तुडवत आले. आत वाकून त्यांनी आधी आईचा हात हातात घेतला नाही, रजई घेतली. मुठीत धरून पिळली. पाणी निघालं नाही, पण मूठ उघडली तर कापूस तसाच चेपून राहिला, परत फुलला नाही.

"कापूस दमाट झाला की मरतो, पुढारी," ते म्हणाले. "तुजी शेड तू राख. आक्काला मी नेतो."

आणि मी शेड राखली. हे सांगायला लाज वाटते, पण तेव्हा ती सोडली असती तर रांगेतल्या बाकीच्यांच्या शेडांवरही बोट ठेवलं गेलं असतं, हेही खरं आहे. आई बैलगाडीतून मामूंबरोबर गेली आणि मी महिनाभर त्या पत्र्याखाली एकटा राहिलो. पहाटेचे थेंब माझ्या तोंडावर पडत. दिवसातून एकदा मी कुंपणाच्या वाटेनं परसात यायचो. मामी तव्यावर ओवा भाजून त्याची पुरचुंडी आईच्या छातीला शेकत, हुलग्याचं गरम माडगं मला वाटीभर देत आणि काही विचारत नसत. पहिले काही दिवस आई वाचेल की नाही हे कुणी बोलत नव्हतं. मामू खाट उन्हामागं हलवत राहिले, पपईपाशी, मांडवापाशी, वाटेवर, भिंतीला. मी कोपऱ्यात बसायचो. करायला काहीच नसायचं, म्हणून बघायचो. शेवग्यावर जांभळ्या अंगाचं अंगठ्याएवढं पाखरू उलटं लटकून फुलातला मध प्यायचं. शेपटी वरखाली करणारा परीट पक्षी अंघोळीच्या दगडावरच्या ओलीत तुरुतुरु चालायचा. मामू म्हणत, ह्यो थंडीचा पाव्हणा, उन्हाळा आला की जातो, कुठं ते सांगत न्हाई. लांबच्या गुऱ्हाळाचा गोड धूर दुपारी कुंपणावरून यायचा आणि त्यात मला कितीदा बसल्या बसल्या झोप लागली. जागा व्हायचो तेव्हा माझ्याही अंगावर काहीतरी घातलेलं असायचं. एका दुपारी डोळे उघडले तर आई आडवी होती. डाव्या कुशीवर, सरळ श्वास घेत, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. मामूंनी ओठांवर बोट ठेवलं. त्या दिवशी पिंजण वाजलं नाही.

आई वाचली. उन्हाळ्यात आम्ही भिंत बांधली. दुसरा कागद मात्र निघाला नाही. आधी वेळ नव्हता, मग विषय जुना झाला, आणि खरं कारण असं की पत्रक खोटं होतं हे छापून द्यायची माझी हिंमत नव्हती. रस्त्यात भेटले की मामू विचारायचे, कागद निगाला का रं. पुढं पुढं विचारायचे बंद झाले. मी सुटलो असं मला वाटलं.

हे इथपर्यंत लिहून झालं तेव्हा मी आईला वाचून दाखवलं आणि म्हटलं, शेवटी लिहितो की माझी आई त्या परसात कुडकुडत नव्हती, उबेत होती. आई हसली, हसताना खोकली.

"कुडकुडत हुते की," ती म्हणाली. "लय. दात वाजायचे माजे."

मी कागद खाली ठेवला. मग मामूंना कधी सांगितलं का नाहीस, असं विचारलं.

"तू सायकल घिऊन गेलास की त्यो यायचा खाटंपाशी. रोज. म्हणायचा, आक्का, ऊब लागली का. मी म्हणायची, व्हय बाबा, लागली." तिनं पदर अंगाभोवती ओढून घेतला. "आन् व्हय म्हटलं की लागायची."

म्हणजे माझं वाक्य खरं होतं आणि मामूंचंही खरं होतं. हे दोन्ही एका पत्रकात कसं बसवायचं ते मला येत नाही. मी वर लिहिलेलं काहीही खोडलेलं नाही.

परवा सकाळी धुकं होतं. सभेला जायला मी सायकल बाहेर काढली, भिंतीला परत टेकवली आणि आत गेलो. आईला विचारलं, ऊब लागली का. अनोळखी माणसाकडं बघावं तसं तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, "न्हाई."

मग मी तिची खाट एका बाजूनं उचलली, ती दुसऱ्या बाजूनं धरू लागली, आणि कुंपणातल्या वाटेनं आम्ही पलीकडं गेलो. धुकं विरळ होऊन पपईच्या बुडाशी नुकतंच ऊन आलं होतं. खाटेचा आवाज ऐकून घरातून जैनबमामींनी विचारलं, कोण आहे.

"मी हाय," आई म्हणाली. "उन्हाला आले."