रेश्माने लावलेली यादी

ज्ञानू पुकळेची मेंढरं वर्षातले आठ महिने आटपाडीबाहेर असत, आणि त्याची थोरली लेक रेश्मा बाराही महिने मावशीकडे, शाळेसाठी. पोरगी हुशार निघाली. सांगलीत शिकली आणि विश्रामबागेत एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून लागली. मालक राजवर्धन कराडकडचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सदा घाई. रेश्मानं तिथं सहा वर्षं काढली. बोलणं कमी, काम चोख. आपण लिहिलेलं बिघडत नाही याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

तिच्याकडे एका धर्मादाय डायलिसिस केंद्राचं काम होतं. मशिनं मोजकी, आणि सातारा-सांगलीच्या खेड्यांतून येणारी माणसं पुष्कळ. कायमची पाळी मिळेपर्यंत त्यांना थांबावं लागे. तोवर कुणी गैरहजर राहिलं तर आठवड्यातून एखादी वेळ मिळायची. डॉक्टर प्रत्येकाला निकडीचा दर्जा देत, एक, दोन किंवा तीन; एक म्हणजे सगळ्यात निकडीचा. दर सोमवारी रेश्माचा प्रोग्रॅम त्याप्रमाणे यादी लावायचा. एकाच दर्जाच्या माणसांत ज्याचं नाव आधी नोंदलं तो वर.

हा शेवटचा नियम मात्र तिनं कुठं लिहिलाच नव्हता. यादी लावणारं फंक्शन ती वापरायची त्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तयारच मिळायचं, आणि सारख्या दर्जाची नावं ते नोंदली होती त्याच क्रमानं ठेवायचं. वर्षानुवर्षं ठेवत आलं होतं. वेगळं लिहायचं कशाला?

दिवाळीनंतर त्या भाषेची नवी आवृत्ती बसवावी लागली. काय काय बदललं याचं पत्रक रेश्मानं दोनदा वाचलं. त्या फंक्शनबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. तरी तिनं दहा नावं घालून तपासलं. यादी बरोबर आली. तिनं काम चालू करून दिलं.

जानेवारीच्या अखेरीस ती केंद्रात प्रिंटर बघायला गेली, तेव्हा खिडकीपाशी एक बाई उभी होती. शिराळ्याची मनुबाई. नवरा बाळासो भिंतीला टेकून बसलेला, पाय सुजून चपलेत न मावणारे. खिडकीत नावं नोंदणाऱ्या सोनमनं रेश्माकडं बोट केलं. ‘‘कॉम्प्युटरचं या मॅडमना विचारा.’’

‘‘आवं ताई,’’ मनुबाई म्हणाली, ‘‘आमी दिवाळी झाल्या झाल्या नाव घातलंय. आमच्या मागनं आलेली चार मानसं आत गेली. आमचा नंबर कवा नववा, कवा चौदावा. पुढं सरकायचा तर मागं कसा जातोय?’’

‘‘त्यांचा दर्जा वरचा असेल, मावशी.’’

‘‘न्हाई वं. त्यास्नी बी दोनच हाय, आमास्नी बी दोनच. मी इचारलं की.’’

रेश्माला परतायची घाई होती. ‘‘कॉम्प्युटर कुणाचं तोंड बघून नंबर लावत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘चूक होणार नाही. थोडं थांबा.’’

मनुबाईनं मान हलवली आणि नवऱ्याला उठवायला गेली.

तीन आठवड्यांनी सोनमचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, शिराळ्याचे ते आजोबा गेले. छातीत पाणी भरलं होतं. जीपमधून आणताना आष्ट्याच्या अलीकडेच संपले.

फोन ठेवल्यावर रेश्मानं नोव्हेंबरपासूनच्या सगळ्या याद्या काढल्या. एका कॉम्प्युटरवर जुनी आवृत्ती चढवली, दुसऱ्यावर नवी, आणि दोन्हींत तीच एकतीस नावं घातली. दोन वेगळ्या याद्या आल्या. मग ती एकेक नाव कमी करत गेली. सोळा नावांपर्यंत दोन्ही याद्या तंतोतंत सारख्या. सतरावं नाव घातलं की नव्या आवृत्तीत सारख्या दर्जाची माणसं वर-खाली व्हायची. तिनं तपासलं होतं दहा नावांवर.

ती भाषा बनवणाऱ्यांना तिनं सविस्तर लिहिलं. दोन दिवसांनी नम्र उत्तर आलं. सारख्या नोंदींचा क्रम टिकेल असं आम्ही कधीच कबूल केलेलं नव्हतं. मोठ्या याद्या लवकर लागाव्यात म्हणून आतली पद्धत बदलली, त्याची नोंद करायची गरज वाटली नाही.

राजवर्धननं ते वाचलं. ‘‘मग आपला काय दोष? एक ओळ घाल, दुरुस्त कर आणि गप्प बस. केंद्राला सांगू, सुधारणा केली.’’

‘‘त्या बाई मला सांगत होत्या, सर. समोर उभ्या राहून सांगत होत्या.’’

‘‘सांगून माणूस परत येणार आहे का?’’

तिनं ओळ घातली. मग केंद्राच्या डॉक्टरांना काय घडलं ते लिहून स्वतःच्या सहीनं पत्र दिलं. मागं पडलेल्या आणखी पाचजणांना त्याच आठवड्यात पाळी मिळाली. राजवर्धननं महिनाअखेर तिला आता कामावर यायचं नाही म्हणून सांगितलं. आता ती विट्याला एका कॉलेजातली कॉम्प्युटरची लॅब सांभाळते. कुणी प्रोग्रॅम लिहून मागितला तर नाही म्हणते.

शिराळ्याला ती मार्चमध्ये गेली. मनुबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. रेश्मानं सगळं सांगितलं, साध्या शब्दांत, काही न वगळता. मनुबाईचे हात थांबले नाहीत.

‘‘खरा नंबर कितवा हुता त्येंचा?’’

‘‘डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी पहिला होता.’’

हात थांबले. ती म्हणाली, ‘‘माझा रविराज फौजेत हाय. दिसाआड फोन करतोय आन् म्हंतोय, आई, तू तितं नुसती बसून ऱ्हायलीस, भांडली असतीस तर आबा जगलं असतं. मी सांगती, बाबा, मी इचारलं हुतं. त्येला पटत न्हाई.’’ तिनं आतून वही-पेन आणून रेश्मासमोर ठेवलं. ‘‘त्येला वाचाय ह्ये लिहून द्या. मी इचारलं हुतं, आन् तुमी काय म्हनलासा, त्ये बी.’’

रेश्मानं लिहिलं. ‘चूक होणार नाही’ हे आपले शब्दही लिहिले. खाली नाव घातलं, तारीख घातली.

मनुबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद फाडून घेतला, घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि पुन्हा शेंगांना हात घातला.

‘‘सांगलीची एस्टी चारला हाय,’’ ती मान वर न करता म्हणाली.