पाण्यावरचं हॅलो

फोनवरचं आपलं 'हॅलो' मुळात नावाड्याला घातलेली हाक होती, असं म्हणतात. आज संध्याकाळी भाटघर धरणाच्या पाण्याकाठी मीही तशीच हाक घातली. पलीकडच्या गावात आत्या अत्यवस्थ होती.

होडीवाले तात्या तिसऱ्या हाकेला आले. म्हणाले, "एका हाकंला आमी येत न्हाई, ताई. माणूस असंल तर परत हाक मारतंय. दुसरं काय असंल तर न्हाई मारत."

मी हसले.

होडी पाण्याच्या मधोमध आली, तेव्हा पलीकडून आत्याचा आवाज आला, "शालूऽ!"

मी ओ देणार, तोच तात्या म्हणाले, "गप ऱ्हावा. दुसरी येऊ द्या."

दुसरी आलीच नाही.

आत्याच्या घरी पोचले, तर ती नुकतीच गेली होती. तिची सून, माझी वहिनी, म्हणाली, "कालपासून आवाजच फुटत नव्हता गं त्यांना."

सांगा ना, मी ओ द्यायला हवी होती का?