सिनेमात न दाखवलेलं लग्न

काकांना सिनेमा अर्धा सोडून उठलेलं चालत नाही, मग तो कुठल्याही भाषेतला असो. माझ्या लग्नाला आठवडा उरला होता. दुपारी मी लॅपटॉप टीव्हीला जोडून एक जुना, काळा-पांढरा हॉलिवूडचा सिनेमा लावला. वर्गात मी मुलांना एका जाडजूड फ्रेंच कादंबरीतला उतारा शिकवत होते, आणि सिनेमावाल्यांनी तिची काय वाट लावलीय ते बघायचं होतं. काका जेवून लवंडायच्या बेतात होते. उशी घेऊन आले आणि म्हणाले, "मले बी सांगत जाय."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आई-वडील गेले तेव्हा मी नीट बोलतही नव्हते. काका-काकूंनी मला पुरुषोत्तमनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या आपल्या दोन खोल्यांत आणलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी कॉलेजात असताना काकूही गेली. मग आम्ही दोघंच उरलो, आणि दोघंही तिखट.

लग्न ठरलं तसं काकांनी परस्पर जाहीर करून टाकलं की, कन्यादानाला धानोऱ्याचे चुलत काका-काकू बसतील. कन्यादानाला जोडपं लागतं, आणि बायको गेलेल्या माणसाचा हात शुभकार्याला लागू नये, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी चिडले, रडले, अबोला धरला. मला दुसऱ्या कुणाच्या हातून जायचंच नव्हतं. "मी वाढप दखसू," एवढंच ते म्हणत राहिले.

तर सिनेमा. एक माणूस भुकेपायी पाव चोरतो आणि वर्षानुवर्षं तुरुंगात सडतो.

"एक भाकरसाठे?" काका उखडले.

सुटल्यावर तो चांगला माणूस होतो, पण एक फौजदार हात धुऊन त्याच्या मागे लागतो. मधेच तो एका परक्या बाईची पोर सांभाळायला घेतो. इथे काका उशी सोडून ताठ बसले. मग पुढे मी काही सांगितलं नाही तरी त्यांना कळत होतं. शेवटी फौजदार नदीत उडी घेतो, माणूस सुटतो, पोरीला तिचा जोडीदार मिळतो, जोरात वाजंत्री आणि पडदा काळा. काका तरी बघतच होते.

"आनि लगीन?"

"नही दखाडं, काका."

"काय मानसं शेतस! फौजदारले बुडाडं ते दखाडं, आनि पोरनं लगीन नही?" मग त्यांनी विचारलं, "कन्यादान कोनी करं?"

"त्यासनामा कन्यादान नही ऱ्हास. बाप पोरना हात धरीसन चर्चमा लई जास, नवरदेवना हातमा देस."

"हाऊ मानूस तिना बाप नही ना."

"ज्यानी वाढाडं, तो लई जास."

"त्यानी बायको नही शे."

"एकलाच लई जास, काका."

"त्यासन्हं त्यासनाकडे," काका म्हणाले आणि चहा ठेवायला उठले. मला फार वाईट वाटलं. वाटलं, संपला विषय.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मोटारसायकल काढून न सांगता कुठेतरी गेले. परत आले आणि दारातच, चपला काढता काढता म्हणाले, "गुरुजीसले इचारं. बायको नही ऱ्हायनी ते तिना जागे सुपारी कंबरले खोसीसन बठता येस. मी बठसू."

इतके दिवस आम्ही घर डोक्यावर घेतलं होतं, आणि गुरुजींना कुणी विचारलंच नव्हतं! मी आधी हसत सुटले, मग त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

लग्नात काका पाटावर बसले ते एक कोपर कमरेशी दाबूनच. सुपारी पडेल, म्हणजे काकूच उठून जाईल, अशी त्यांना धास्ती. गुरुजींनी दोनदा दटावलं, तेव्हा कुठे दोन्ही हात माझ्या ओंजळीखाली आले. धानोऱ्याच्या काकू मागे उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

पाठवणीच्या वेळी गाडीच्या दाराशी त्यांनी माझा हात धरला, तो सोडेचनात. मग हळूच विचारलं, "लगीन व्हयनं, मंग तो सिनेमाना मानूस आपली पोरनाकडे जात-येत व्हई ना?"

कादंबरी मी वाचलेली होती. तिच्यात लग्नानंतर तो म्हातारा आपण होऊन बाजूला होतो, पोरीकडे जाणं कमी कमी करत बंदच करतो आणि एकटा झुरत राहतो.

"हा काका," मी म्हणाले, "दर आइतवारले."

"मंग मी बी येसू," ते म्हणाले, आणि त्यांनी माझा हात सोडला.