मुशीचा तुकडा

बोईसरहून केळव्याला येताना वळणावर स्कूटर घसरली. चालवत मी होते, मागे आई. हाड कुणाचंच मोडलं नाही, पण दोघींच्याही डाव्या मांडीला जबर मार बसला. दीड महिन्यात मी कामावर जायला लागले. आई मात्र खाटेवरच. तिची मांडी दिवसेंदिवस बारीक होत चाललेली, आणि माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. एकदा तोंडावर म्हटलं, "तुला उठायचंच नाही, आळस भरलाय नुसता." तिने, वाडीत सुपाऱ्या वेचायला कोण जातं, एवढंच विचारलं.

शेवटी तिला पालघरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी टेपने दोघींच्या मांड्या मोजल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमची पाळी चालू आहे, यांची जाऊन दहा वर्षं झाली. इस्ट्रोजेन स्नायूंना ऊर्जा तयार करायला मदत करतं. पाळी गेल्यावर ते कमी झालं की मार लागलेला स्नायू लवकर आटतो आणि सावरायलाही वेळ घेतो. त्यात आळस कसला? खातात काय या?"

"पेज," आई म्हणाली. "बसून खानाऱ्याला मासळी कशाला?"

आमच्या घरची रीतच ती. दुखणाईताला पेज, मासळी कामावर जाणाऱ्याला. म्हणजे आईच्या वाट्याचा तुकडा वहिनी तिच्याच सांगण्यावरून माझ्या पानात वाढत होती. आणि तो खाऊन मी तिलाच आळशी म्हणत होते. माझी मलाच लाज वाटली.

येताना मुशी मासळी घेतली. आमच्याकडे ती खास बाळंतिणीला घालतात. ताट बघून आई लाजलीच, "मी काय बाळंतीन हाय?"

"मी झालेय ना तुला? मग खा," मी दटावलं. "आणि माझ्या पानात काही टाकलंस तर बघ."

रोज मासळी नाहीतर अंडी, आणि रोज मांडीचे व्यायाम. ती कण्हायची, मी ओरडायचे, वहिनी दोघींना हसायची. असे तीन महिने गेले.

एका दुपारी मी जेवायला बसले होते. मागे पावलं वाजली. काठी नाही, भिंतीचा आधार नाही. आई खाटेवरून स्वयंपाकघरापर्यंत एकटी आली होती, हातात तिचं ताट. त्यातला मुशीचा तुकडा तिने माझ्या पानात ठेवला. मी तोंड उघडणार, तोच म्हणाली, "आज बोलू नको. चालत आनलाय मी."