दूध उतू गेलं त्या संध्याकाळची प्रार्थना

"गॉयटर आहे," डॉक्टर म्हणाले. गॉयटर म्हणजे गलगंड. गळ्यातली थायरॉइड नावाची ग्रंथी फुगते, आणि पदर कितीही ओढून घेतला तरी लोकांना दिसतेच. "ऑपरेशन करून काढू. गाठ साधी असावी. पण एक सांगून ठेवतो. त्या ग्रंथीच्या मागूनच आवाजाची नस जाते. तिला धक्का लागला, तर आवाज बसू शकतो."

बसू शकतो म्हणे! आमच्या नागपूरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी भजन उचलणारी मी. शाळेत खुर्चीवरून न उठता अख्खा वर्ग गप्प करणारी मी. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, आणि घरात फक्त माझंच बोलणं त्यांच्यापर्यंत पोचायचं. आवाज गेल्यावर माझ्यात उरणार काय?

पण हे बोलायचं कसं? भगिनी मंडळात माझ्या प्रार्थनेचं नाव होतं ना! इस्पितळात दाखल झाले तशा मंडळातल्या बायका आल्या, रिवाजाप्रमाणे खाटेभोवती उभ्या राहिल्या आणि डोळे मिटले. मीही खणखणीत आवाजात सुरू केलं, "हे दयाळू पित्या, या आजारासाठीही आम्ही तुझे आभार मानतो. तुझ्या इच्छेतच आमचा आनंद आहे..."

"खोटं काहून बोलून राहिली वं?"

सासूबाई! भर प्रार्थनेत! "सकाळपासून रडून राहिली, अन् त्याले सांगते आनंद हाय. त्याले दिसत नाही का?"

बायकांनी एकेक डोळा उघडला. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुढची प्रार्थना स्वतःच हाती घेतली. "बापा, हे काही बरं नाही केलं तू. गाणाऱ्या बाईच्या गळ्यालेच हात घातला? दुसरी जागा नाही सापडली? तिले भेव वाटून राहिलं, मलेही वाटून राहिलं. सांभाळ तिले. आमेन."

कोणाला हसू आलं, कोणाला हुंदका. मी मात्र ढसाढसा रडले आणि म्हणाले, "देवा, मला तुझा राग आलाय." वीजबीज काही पडली नाही. सिस्टर आल्या आणि माझ्या तोंडात थर्मामीटर घालून गेल्या, एवढंच.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी नाव विचारलं. मी सांगितलं, ते माझं मलाच ऐकू आलं नाही. "नस तुटलेली नाही, दुखावली आहे," ते म्हणाले. "आवाज येईल असं वाटतं. कधी ते मात्र सांगता येत नाही." काढलेल्या गाठीची बायोप्सी केली, म्हणजे तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गाठ साधीच निघाली. त्याबद्दल मी मनापासून आभार मानले, अगदी कुजबुजत.

घरी आले. आमचे हे खापरखेड्याच्या वीज केंद्रातून ड्युटी करून यायचे. म्हणाले, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा या घरात शांतता आहे." मी त्यांना लाटणं दाखवलं. हसलो आम्ही, पण नंतर मोरीत जाऊन मी तोंड धुतलं.

सासूबाईंशी बोलणं आता हातवाऱ्यांनी. साधं भांडायचीही सोय राहिली नव्हती. रोज संध्याकाळी आम्ही दोघी प्रार्थनेला बसायचो. माझ्या प्रार्थनेतले अलंकार कधीच गळाले होते. "देवा, आज पोळीचा घास सरळ उतरला, आभार. आज फळ्यावर लिहून शिकवलं, मुली हसल्या, फार लागलं मला." बस, एवढंच.

असे महिने गेले. एके संध्याकाळी चहासाठी दूध स्टोव्हवर ठेवून आम्ही बसलो. आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, हा सासूबाईंचा कडक नियम. त्यांची तक्रार रंगात आली होती. "बापा, माझे कान नेले, मी चूप राहिली. हिचा आवाज तरी..."

तेवढ्यात करपल्याचा वास आला. मी डोळे उघडले. "आई, दूध!"

"आमेन व्हायच्या आधी ओरडून काहून राहिली वं?" त्या डोळे मिटूनच खेकसल्या.

मग त्यांचेही डोळे उघडले. "अवं, मले ऐकू आलं! पुन्हा म्हण."

"दूध," मी म्हणाले. घोगरा, फाटका, पण आवाज! स्टोव्हवरून दूध खाली वाहत होतं आणि आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होतो.

तुमच्यावर असं काही आलं तर बायांनो, देवापुढे शहाणपणा करू नका. राग असेल तर राग सांगा, भीती असेल तर भीती. आभार मागाहून येतात आणि मग ते खरे असतात. मी आता पुन्हा भजन उचलते. वरच्या पट्टीत आवाज फाटतो, त्याबद्दल देवाशी माझं बोलणं चालू आहे.

त्या संध्याकाळी आम्ही बिनदुधाचा चहा घेतला. घोट घेण्याआधी सासूबाईंनी डोळे मिटले. "बापा, लय उपकार झाले. दूध वाया गेलं, त्याचं मात्र वाईट वाटून राहिलं."

"आमेन," मी म्हणाले, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.