मेगरच्या आधी फुटलेला नारळ

राग माझ्या नाकावरच असतो, आणि टेस्टिंगवाल्यांना तो शोभतो असं माझं ठाम मत आहे. आम्ही पास म्हटल्याशिवाय सबस्टेशनात नवी वस्तू चालू होत नाही. मग थोडं तोऱ्यात राहिलं तर बिघडलं कुठे?

त्या मे महिन्यात वणीकडच्या एका सबस्टेशनात जुना सीटी फुटला. सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. लाइनमधून शेकडो अँपिअर धावतात, तेवढे मीटरला झेपत नाहीत. सीटी त्यातला ठरलेला बारीक हिस्सा मोजायला देतो. तो गेला, लाइन बंद पडली आणि आसपासच्या गावांना दुसरीकडून पाळीपाळीने वीज मिळू लागली. त्या तोकड्या विजेवर पाण्याचे पंप चालेनात.

तिथले ऑपरेटर काका त्यातल्याच एका गावचे. मी पोचले तर गेटवरच उभे. "मॅडम, आज पास करूनच जा. आठ दिवस झाले, नळाले पानी नाही. बाया दुरून हंडे आणून राह्यल्या, अन् मले पाह्यलं का शिव्या घालते. घरची तं बोलतच नाही माह्यासंगं. गावात तोंड दाखवाची सोय नाही राह्यली."

"पास-नापास सीटी ठरवतो, काका," मी म्हटलं. जरा आगाऊच बोलले.

एक फुटला तरी लाइनचे तिन्ही बदलतात, म्हणून नवे तीन सीटी उभे करून ठेवले होते. त्यांच्यातून खाली सोडलेल्या वायरींना मी मेगर लावला. मेगर वायरीत विजेचा दाब सोडून बघतो, करंट नको तिथून जमिनीत गळतोय का. आकडा जितका मोठा तितकं बरं. पहिल्याच सीटीचा आकडा जवळपास शून्य! मेगरच्या वायरी बदलल्या, पुन्हा बघितलं, तेच. बाकीचे दोन मात्र ठणठणीत.

"हा नापास. दुसरा मागवावा लागेल."

काका मटकन खाली बसले. "म्हंजे अजून आठ दिवस?"

त्यांचा चेहरा मला बघवेना. म्हटलं, शेवटचं एकदा बघू. शिडी लावून वर चढले आणि वायरी जोडायच्या डबीत डोकं घातलं. आत चक्क ओल्या खोबऱ्याचा वास! टर्मिनलवर हळदकुंकवाचा चिखल.

"काका! नारळ फोडला?"

"सकाळीच. मुहूर्त चांगला होता ना. याचं झाकण उघडंच होतं, म्हटलं आत बी थोडं शिंपडावं."

आमच्याकडे नारळ फोडल्याशिवाय काही चालू होत नाही, मीही हात जोडते. पण आधी टेस्ट, मग नारळ, हा क्रम सगळ्या सबस्टेशनात ठरलेला. काकांनी घाईत उलटा केला. राग आला की माझी यवतमाळची बोली उसळून बाहेर येते. "अवो, देवाले पाजा नं पानी! सीटीले कायले पाजलं?"

"चुकलं माय," म्हणून काका कान धरून उभे राहिले, आणि मला हसूच फुटलं. हसता हसता शिडीवरून पडले असते.

फडका आणि स्पिरिट घेऊन डबी घासूनपुसून काढली. एरवी जीव घेणारं वणीचं ऊन त्या दिवशी कामी आलं, तासाभरात सगळं खडखडीत वाळलं. मेगर लावला. आकडा जो चढला, तो चढतच गेला. "पास!" मी यार्डभर ऐकू जाईल असं ओरडले. इतका आनंद मला स्वतःच्या निकालालाही झाला नव्हता. उरलेल्या टेस्टही तिन्ही सीटींनी झटक्यात पार केल्या, आणि दुपार कलता कलता लाइन चालू झाली.

काकांची ड्यूटी संपत आली होती, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरून होता. पलीकडचा आवाज मलाही लख्ख ऐकू येत होता. "अवो, हंडे भरले, टाकं भरलं, शेजारनीचं बी भरलं! आता तोटी बंद होऊन नाही राह्यली, आंगनभर पानी झालं. पाना घेऊन लवकर या घरी!"

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "बलावलं मॅडम. तिनं मले घरी बलावलं," असं म्हणत त्यांनी माझ्याच पेटीतला पाना उचलला आणि गाडीला किक मारली.